परंड्याच्या कल्याणप्पांची लॉरी

येरमाळा, ता. ६ जून १९४३

चिरंजीव बलभीम यास गुरुसिद्धप्पाचा आशीर्वाद.

तू खडकीच्या लष्करी मोटार कारखान्यात गेलास त्याला पाच महिने झाले. तीन कार्डं आली. तिन्हींत 'मी खुशाल आहे' एवढंच. खुशाल आहेस हे कळलं, आता दुसरं काहीतरी लिहीत जा.

हे पत्र लॉरीसाठी आहे. पेट्रोलला रेशन लागल्यापासून ती दुकानामागच्या पत्र्याखाली उभी आहे. तूच ती तिथं लावलीस आणि जाताना म्हणालास, "आप्पा, आठवड्याला धा मिन्टं विंजन चालू ठिवत जा, न्हाय तर समदं गंजून जाईल." ठेवलेल्या दोन डब्यांतलं पेट्रोल पुरवून पुरवून मी दर रविवारी इंजिन चालू करतो. साठी उलटलेला अडत्या हँडल मारतो हे बघायला लोक जमतात. जमू देत.

काल तेल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तेल डांबरासारखं झालेलं. बारा वर्षं आपण बरोबर हिंडलो, पण तेल तू बघायचास आणि मी रस्ता बघायचो, त्यामुळं मला यातलं काही कळत नाही. बार्शीच्या दुकानात दोन तऱ्हेचं तेल आहे. एक तीस नंबरचं, चहासारखं पातळ. दुसरं पन्नास नंबरचं, काकवीसारखं. दुकानदार म्हणतो, हल्लीच्या सगळ्या मोटारींना तीसच घालतात. कुठलं घ्यायचं?

दुसरं. इंजिनाच्या अंगाला तू जो तेल गाळायचा डबा बसवला होतास, तो उघडला. आतला बोळा जुन्या गादीतल्या कापसासारखा कुजलाय. तसला नवा कुठं मिळत नाही, सगळा माल लढाईवर गेला म्हणतात. त्या जागी काय घालू?

उत्तर लवकर पाठव. रजा मिळणार असली तर तेही लिही, म्हणजे मी तेलाची घाई करणार नाही.

गुरुसिद्धप्पा


खडकी, ता. १७ जून १९४३

तीर्थरूप आप्पांच्या पायांवर बलभीमचा दंडवत.

पत्र आलं, बरं वाटलं. दोनदा वाचलं. इथं माझ्या नावानं दुसरं कुणी लिहीत नाही.

पन्नास नंबरचंच घ्या. दुकानदाराचं ऐकू नका, त्यानं आपलं इंजिन पाहिलेलं नाही. तीस नंबर नव्या इंजिनाला. आपलं एकतीस सालचं, आतून झिजलेलं. पिस्टनच्या भोवती फट पडली आहे. पातळ तेल त्या फटीतून वर चढतं आणि जळतं, म्हणून चढावर आपल्या मागून निळा धूर यायचा. जाड तेल ती फट भरून ठेवतं. थंडीत हँडल जड गेलं तर चाळीस चालेल, त्याच्या खाली उतरू नका.

इथं लष्करात एक नवीन तेल आलं आहे, ते इंजिन आतून साबणासारखं धुऊन काढतं. ते कुणी दिलं तरी घालू नका. आपल्या इंजिनात बारा वर्षांचा मळ आहे. तो एकदम सुटला तर तेलाच्या वाटा बुजतील आणि इंजिन जागच्या जागी बसेल. जुन्या इंजिनाला एकाएकी स्वच्छ करू नये.

डब्यात घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा घाला. धाराशिवला जीनगराकडे मिळेल. पेट्रोलमध्ये धुवा, झटका, आणि घट्ट गुंडाळी करून बसवा. घोंगडी नको आणि सुती कापडही नको, त्याचा एक धागा सुटला तरी तेलाच्या वाटेत जाऊन अडकतो.

काळं तेल काढल्यावर नवं घालेपर्यंत इंजिन चालू करू नका.

रजेचं साहेबाला विचारलं आहे.

तुमचा बलभीम


येरमाळा, ता. ११ जुलै १९४३

चि. बलभीम यास आशीर्वाद.

नमदा मिळाला. जीनगरानं विचारलं, "घोडा कंचा हाय, शेट?" मी म्हणालो, "लोखंडी." धुतला, गुंडाळला, बसवला.

तेलाचं मात्र फसलं. बार्शीहून पन्नास नंबरचा डबा घेऊन निघालो आणि आपल्या निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यावर अडकलो. बारा वर्षं आपण त्या नाक्यावरून करडई आणि गूळ नेला, मुन्शी मला नावानं ओळखतो. पण म्हणाला, "शेटजी, ये जंग का माल है, परवाना लाओ." डबा तिथंच राहिला. धाराशिवला दरख्वास्त दिली आहे.

काळं तेल मी त्याआधीच काढून टाकलं होतं. त्यामुळं गेले तीन रविवार इंजिन बंद आहे. संध्याकाळी दुकान लावलं की मी लॉरीपाशी जाऊन बसतो, तसा आताही बसतो. पण तिचा आवाज नाही म्हटल्यावर तिथं बसणंही जमत नाही.

रजेचं काय झालं?

गुरुसिद्धप्पा


खडकी, ता. २४ जुलै १९४३

तीर्थरूप आप्पांस दंडवत.

घाई करू नका. परवाना मिळेपर्यंत थांबा. मोटारीच्या तेलाशिवाय दुसरं काहीही घालू नका. उभी राहिली म्हणून ती चार महिन्यांत मरत नाही.

रजा नामंजूर झाली. पुढं बघू.

बलभीम


येरमाळा, ता. ५ सप्टेंबर १९४३

चि. बलभीम यास आशीर्वाद.

तेल घातलं! पोळ्याच्या दिवशी घातलं. पोळा यंदा सोमवारी आला होता. सोमवारी आम्ही लिंगायत बैल जुंपत नाही आणि तुझ्यामाझ्या बारा वर्षांत आपण लॉरीही कधी बाहेर काढली नाही, पण तेल घालायला काय हरकत आहे? इंजिन इतकं गोड चालतंय की काय सांगू. खडखड नाही, धूर नाही. तेलाचा रंग सोन्यासारखा आहे. चार वेळा गाळून घातलं.

तू ऐकलं असतंस तर तुलाही पटलं असतं. गोंडे आणले होते, ते पुढच्या दिव्यांना बांधले. लोक हसले.

गुरुसिद्धप्पा


खडकी, ता. १८ सप्टेंबर १९४३

तीर्थरूप आप्पांस दंडवत.

वाचून जीव भांड्यात पडला. परवाना मिळाला हे फार चांगलं झालं. सोन्यासारख्या रंगाचं म्हणजे पहिल्या प्रतीचं असणार, तसलं आम्हांला इथंही बघायला मिळत नाही. गाळायची गरज नव्हती, डबा कंपनीतूनच बंद येतो. पण तुम्ही गाळल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही, तेव्हा गाळणारच.

इतकं चांगलं तेल आहे तर आता आठवड्याला चालवायची गरज नाही. पेट्रोल वाचवा. महिन्यातून एकदा, पुढं थंडीत दोन महिन्यांतून एकदा चालवलं तरी पुरे. तेल तिला सांभाळेल. नंबर कुठला ते मात्र कळवा.

मला इथं फिटरची जागा मिळाली आहे. छावणीबाहेर एक खोलीही घेतली.

बलभीम


येरमाळा, ता. २० जानेवारी १९४४

चि. बलभीम यास आशीर्वाद.

दिवाळीला तुझं कार्ड आलं, संक्रांतीलाही आलं. उत्तर पाठवलं नाही. कामं होती.

आपली लॉरी उत्तम आहे. हे पत्र दुसऱ्याच्या कामाचं आहे. परंड्याला कल्याणप्पा म्हणून माझ्या लांबच्या नात्यातले एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडंही आपल्यासारखीच जुनी लॉरी आहे. ती दोन महिने उभी होती. परवा त्यांनी हँडल मारायला घेतलं तर ते हलेना. दोघांनी मिळून ओढलं तरी हलेना. पट्टी काढायला गेले तर ती चिकटून बसलेली, आणि ओढून काढल्यावर तिच्यावर दुधाची साय धरावी तसा पापुद्रा आला.

बिचारे हवालदिल झाले आहेत. इकडं कुणाला यातलं कळत नाही. मी म्हणालो, आमचा बलभीम लष्करात फिटर आहे, त्याला विचारतो. काय करावं ते त्यांच्यासाठी लिही.

गुरुसिद्धप्पा


खडकी, ता. २९ जानेवारी १९४४

तीर्थरूप आप्पांस दंडवत.

कल्याणप्पांनी कुठलं तेल घातलं होतं ते आधी विचारा. मोटारीचं तेल काळं होतं, घट्ट होतं, पण त्याला साय धरत नाही. या गृहस्थांनी नक्की शेतातलं काहीतरी ओतलं आहे. त्यांना खरं सांगायला लावा. आणि असल्या माणसानं लॉरी बाळगावीच कशाला? त्यांच्याकडं चार शब्द सांगणारा ड्रायव्हर नव्हता का?

आपल्या लॉरीचं हँडल कसं फिरतं ते लिहा. नंबर अजून कळवला नाही.

बलभीम


येरमाळा, ता. १० फेब्रुवारी १९४४

चि. बलभीम यास आशीर्वाद.

विचारलं. कल्याणप्पांनी करडईचं तेल घातलं होतं.

तू रागावशील म्हणून ते सांगत नव्हते. त्यांच्या बाजूनं दोन शब्द लिहितो, ते वाच. त्यांना ड्रायव्हर होता. बारा वर्षं होता, गेल्या वर्षी नोकरीवर गेला. कल्याणप्पांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, पोटी काही नाही. पोळ्याच्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर उभे होते. गावातले सगळे बैल धुऊन, शिंगं रंगवून चालले होते. पुढच्या घरात बैलाचं तोंड वर धरून बांबूच्या नळीनं त्याला करडईचं तेल पाजत होते, वर्षभर राबला म्हणून. कल्याणप्पांच्या दारात बैल नाही. जे काही आहे ते पत्र्याखाली, आणि त्याच्या पोटात दोन महिने तेलाचा थेंब नव्हता. परवान्याचा पत्ता नव्हता.

त्यांनी घाण्यावरून ताजं तेल आणलं. आपल्या धुवट धोतराच्या चार पदरांतून गाळलं. ड्रायव्हरनं घालू नका म्हणून लिहिलं होतं, पण त्यांना वाटलं, जे बैलाला चालतं, माणसाला चालतं, ते लोखंडाला का चालू नये? आणि त्या दिवशी ती चाललीही. इतकी मऊ चालली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं ते म्हणतात.

हसू नकोस. काय करता येईल ते लिही. भंगारात घाला असं मात्र लिहू नकोस.

गुरुसिद्धप्पा


खडकी, ता. २१ फेब्रुवारी १९४४

तीर्थरूप आप्पांस दंडवत.

हसलो नाही. मागच्या पत्रात मी कल्याणप्पांना टाकून बोललो, त्याची त्यांच्याकडं माफी मागा.

आपण मोटेच्या चामड्याला करडईचं रोगण लावतो ते का? वाळलं की त्याचं कातडं होतं, पाणी आत शिरत नाही. तेच तेल इंजिनात तापलं आणि मग उभं राहून वाळलं. एरवी ती आठवड्याला फिरली असती तर हे लवकर ध्यानात आलं असतं, पण कुणीतरी त्यांना महिनामहिना उभी ठेवा म्हणून सांगितलं असेल. चूक एकट्या कल्याणप्पांची नाही.

लोखंड मोडलेलं नाही, नुसतं चिकटलं आहे. त्यांना सांगा, सहाही प्लग काढून प्रत्येक भोकात अर्धी वाटी रॉकेल ओता आणि आठ दिवस हात लावू नका. हँडलवर जोर करू नका, दात तुटतील. तोवर खालच्या चेंबरचे बोल्ट सोडून ते उतरवा. आतलं कातडं लाकडानं खरवडा. चेंबर, जाळी आणि तेलाची नळी धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळा. नळीतून फुंकर आरपार गेली पाहिजे. डब्यातला नमदा टाकून द्या, तो आता नमदा राहिलेला नाही. दुसरा घ्या. आठ दिवसांनी लॉरी तिसऱ्या गेरात घालून चौघांनी मागंपुढं डुलवावी, ओढू नये. सुटली तर आधी तीस नंबरचं तेल घालून दोन मिनिटं चालवून ते सगळं काढून टाकायचं. धुण्यापुरतं पातळच बरं. मग पन्नास.

खाली शिरताना जॅकवर विसंबू नका, लाकडी ठोकळे लावा. अंगाखाली पोतं घ्या. कल्याणप्पांना कंबरेचा त्रास असेल, सोडा उकळताना हात जपावेत. एका दिवसात सगळं करायला जाऊ नये.

एकेक पायरी झाली की लिहा. मी वाट बघतो.

बलभीम


येरमाळा, ता. १६ एप्रिल १९४४

चि. बलभीम यास आशीर्वाद.

सुटली!

पहिले आठ दिवस काही झालं नाही. पुन्हा रॉकेल ओतलं. रॉकेलही रेशनवर, म्हणून महिनाभर मी दिवेलागणीच्या आत जेवून घ्यायचो आणि दिवा लावायचो नाही. कल्याणप्पाही तसंच करायचे. एकोणिसाव्या दिवशी बाजारातले चार हमाल बोलावले. त्यांनी डुलवली, डुलवली, आणि एकदम पोटातून टक्क असा आवाज आला. चाकं फिरली तसा मागचा उत्तरेश्वर हमाल तोंडावर पडता पडता वाचला. म्हणाला, "आरं तिच्या, जित्ती हाय की!"

चेंबरमधून दोन घमेली कातडं निघालं. सोड्यानं माझ्या तळहातांची सालं गेली, तुझं ऐकलं नाही. कल्याणप्पांच्या हातांची गेली असं लिहायचं होतं. असो. नळी तीनदा उकळली, आता फुंकर जाते. नमद्यासाठी पुन्हा धाराशिवला गेलो तर जीनगर विचारतो, "शेट, लोखंडी घोड्यानं नमदा खाल्ला काय?" परवाना चैत्रात आला. नाक्यावरचा पन्नासचा डबा सुटला, तीसचाही नवा आणला.

आता तेल भरायचंच राहिलं आहे. पण कल्याणप्पा भरत नाहीत. डबे पुढ्यात घेऊन बसून राहतात. त्यांचा एक प्रश्न आहे, तो ते स्वतः विचारणार नाहीत, मानी आहेत. म्हणून मी विचारतो. तेल भरलं, इंजिन चालू झालं, लढाई संपून पेट्रोल मिळायला लागलं, तर त्यांचा ड्रायव्हर परत येईल का? तू ड्रायव्हर लोकांना ओळखतोस. तुला काय वाटतं?

गुरुसिद्धप्पा


खडकी, ता. १४ मे १९४४

तीर्थरूप आप्पांस दंडवत.

या पत्राला चार वेळा बसलो आणि चार वेळा उठलो.

कल्याणप्पांच्या ड्रायव्हरला मी ओळखतो. तो परत येणार नाही.

त्यानं मार्गशीर्षात पाट लावला. बाई कस्तुराबाई, वैराग भागातली, नवरा कारखान्यात अपघातानं गेलेला. तिला सहा वर्षांची मुलगी आहे, सुंदरा. ती इथं शाळेत जाते आणि गेल्या महिन्यापासून त्याला बाबा म्हणते. साहेबानं कायमच्या नोकरीचा कागद दिला आहे. रजा नामंजूर झाली ती एकदाच. नंतर त्यानं मागितलीच नाही. येरमाळ्याला गेलो तर हे सगळं आप्पांच्या तोंडावर सांगावं लागेल, म्हणून मागितली नाही.

त्यानं आधी का लिहिलं नाही असं तुम्ही विचाराल. पत्र यायचं तेलाबद्दल. तो उत्तर द्यायचा तेलाबद्दल. तेवढ्यापुरतं तो अजून तिथंच आहे असं त्यालाही वाटायचं आणि तुम्हांलाही. सांगून टाकलं असतं तर तुम्ही पुन्हा कशाला विचारलं असतं की कुठलं तेल घालू? त्याच्या आईबापाच्या पाठीमागं ज्या घरात त्यानं बारा वर्षं भाकरी खाल्ली, त्या घरून येणारं पत्र बंद झालं असतं. तो भ्याला.

परंड्यात जुनी लॉरी असलेले कल्याणप्पा नाहीत हे मला पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं, या भागातली एकेक लॉरी मला माहीत आहे. पण कळलं ते 'बारा वर्षं' वाचल्यावर.

बार्शीला बसवराज म्हणून ड्रायव्हर आहे. हात हलका आहे, तेल बघून चालवतो. त्याला बोलवा. पन्नास नंबरच भरा.

मला माफ करावं.

बलभीम


येरमाळा, ता. ४ जून १९४४

चिरंजीव बलभीम, सौ. कस्तुराबाई आणि चि. सुंदरा यांस गुरुसिद्धप्पाचे अनेक आशीर्वाद.

चार दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो. एक पत्र लिहिलं आणि फाडलं. कल्याणप्पा कोण ते फेब्रुवारीत तुला कळलं होतं, तरी माझ्याकडं कल्याणप्पांच्या कंबरेची चौकशी करत होतास. मग वाटलं, मी तरी काय केलं? करडईचं तेल ओतून सोन्यासारखं आहे म्हणून लिहिलं. तू खरं सांगितलं असतंस तर मी पत्रं थांबवली असती असं तुला वाटलं. मी खरं सांगितलं असतं तर मेलेल्या लॉरीसाठी तू कशाला येशील, असं मला वाटलं.

मला वाईट वाटलं, बलभीम. फार वाटलं. एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. दुकानात दिवसभर माणसं असतात, पण त्यांतलं कुणी आपलं नाही. तू परत येशील म्हणून मी एवढा खटाटोप केला. इंजिन वाचवायचं होतं ते त्यासाठीच. आता ते वाचलं आहे आणि त्याचं काय करायचं मला कळत नाही.

पाट लावलास हे चांगलं केलंस. त्या मुलीला माझ्या नावानं एक परकर शिवून दे. तिला इकडं आणलंच पाहिजे असं नाही. आणलंस तर मी घरीच असतो.

बसवराजला अजून बोलावलं नाही. बोलावीन.

काल तेल भरलं. आधी तीस नंबर घालून दोन मिनिटं चालवून काढलं, मग पन्नास, पट्टीच्या वरच्या रेघेपर्यंत. तिसऱ्या हँडलला चालू झाली. आवाज अगदी पहिल्यासारखा, तू भर बाजारातून घेऊन यायचास तसा. मी चढून डाव्या बाजूला, माझ्या जागेवर बसलो. चाकापुढची जागा मोकळीच होती. तिथं सरकून बसायला मन झालं नाही. म्हटलं, डब्यातलं पेट्रोल संपेपर्यंत ऐकावं.

शेजारची सारजाबाई मला दोन वेळची भाकरी करून देते. ती आवाज ऐकून पिठाच्या हातांनीच धावत आली. "आप्पा, बलभीम आला व्हय? आदी सांगायचं न्हाय का? म्या एकट्यापुरतंच पीठ मळलंय की!"

मी म्हणालो, "न्हाय बाई, कोण आलं न्हाय. तेल बघत हुतो."

गुरुसिद्धप्पा